धुऱ्यावरची वाट

राजापेठेत माणूस चालत नाही, चुकवत जातो. समोरची गाडी चुकवायची, मागची अंदाजाने चुकवायची, दुकानांनी फुटपाथवर मांडलेले कपड्यांचे पुतळे चुकवायचे, आणि क्लास सुटले की पोरापोरींचा जो लोंढा येतो तो भिंतीला पाठ लावून जाऊ द्यायचा. माझा सगळा संसार तिथेच झाला. खाली नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, वर आमचं घर आणि घराच्या पुढच्या खोलीत माझी गणिताची शिकवणी. त्या लोंढ्यातली बरीच पोरं माझ्याच जिन्यावरून सुटायची, त्यामुळे गर्दीबद्दल कुरकुर करायला मला तोंड नव्हतं.

नवऱ्याला मी तोंडावर ‘अहो’ म्हणते आणि लिहिताना ‘तो’ म्हणते. एवढी मोकळीक लेखणीला असू द्यावी.

तर त्याला लकव्याचा झटका आला. दुकानात बसल्या बसल्या हातातली चष्म्याची फ्रेम गळून पडली, आणि ती उचलायला डावा हात पुढे होईना. दवाखाना वेळेवर गाठला म्हणून बोलणं वाचलं, उजवी बाजूही धड राहिली. डावा पाय ओढत टाकायचा आणि डावा हात मात्र पाहुण्यासारखा नुसता मांडीवर बसून असायचा. त्या हातात पेला दिला की निसटायचा. ज्या माणसाने जन्मभर डाव्या हातात फ्रेम आणि उजव्या हातात स्क्रू पिळायचा इवलासा पेचकस धरून काम केलं, त्याला तो निसटलेला पेला बघताना मी पाहिलंय. तो फक्त फडकं मागायचा.

डॉक्टरांनी एकच औषध पुनःपुन्हा सांगितलं, चालणं. घरात नाही, बाहेर. रोज. शक्यतो मातीवर. पाय जितका चालेल तितकं सगळं शरीर परत येईल, हातसुद्धा, असं ते म्हणाले. नातेवाइकांनीही सल्ले दिले. एकाने तर महिनाभर चिखलदऱ्याला जाऊन राहा म्हणून सांगितलं, हवा फार चांगली आहे म्हणे. ज्याला घरचा जिना उतरवत नव्हता त्याला हे चिखलदऱ्याचे चढ दाखवायला निघाले होते.

राजापेठेत आम्ही प्रयत्न केला. सकाळी दुकानं उघडायच्या आत खाली उतरायचो. पण त्या वेळेला पहिल्या बॅचच्या पोरांच्या गाड्या सुरू होतात. एका गाडीचं हँडल त्याच्या बाहीला घासून गेलं. लागलं काहीच नाही, पण तो आमच्या जिन्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, “अठी नाही जमत. मले घरात ने.” त्याच दिवशी मी ठरवलं की राजापेठ सोडायची.

चांदूर बाजारकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत एक नवीन ले-आउट पडत होता. ले-आउटवाल्याच्या ऑफिसात भिंतीवर भलामोठा नकाशा होता. प्लॉट पिवळे, रस्ते करडे आणि एका बाजूला लांबलचक हिरवा पट्टा. त्या हिरव्यात चालायचा ट्रॅक काढलेला होता आणि ट्रॅकवर बूट घातलेलं एक जोडपं हसत चाललेलं. मी विचारलं, “हे खरंच होणार, की नुसतं रंगवलंय?” तो म्हणाला, “काकू, नियमच आहे. दहावा हिस्सा मोकळा सोडल्याशिवाय नकाशा पास नाही होत.” तो खोटं बोलला नाही. कोणता दहावा हिस्सा, एवढंच सांगायचं राहिलं.

ज्यांनी कधी प्लॉट घेतला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे या मोकळ्या जागेला सगळे ‘ओपन स्पेस’च म्हणतात, अडाणी माणूससुद्धा. आणि ओपन स्पेस म्हणजे बहुतेक वेळा जी जागा विकता येत नाही ती. तिरपी, खोलगट, नाल्याच्या काठची. आमचीही तशीच निघाली. दोन वावरं मिळून हा ले-आउट पडला होता. दोन वावरांच्या मधला जो बांध, त्याला वऱ्हाडात धुरा म्हणतात. हा धुरा चांगला रुंद आणि उंच होता, त्याच्यावर कडुनिंब, हिवर आणि बोरीची जुनी झाडं होती, आणि त्याच्या अंगाला लागून जो अरुंद पट्टा उरला तो आमच्या वाट्याला बगिचा म्हणून आला. आम्ही राहायला गेलो तेव्हा तिथे गाजरगवत कमरेइतकं होतं आणि मधोमध मुरमाचा ढीग.

मला त्या जागेची धास्ती वाटायची, गाजरगवतापेक्षा माणसांमुळे जास्त. माझं माहेर अकोल्याचं. तिथे माझ्या भावाच्या ले-आउटमधली ओपन स्पेस माझ्या डोळ्यांदेखत गेली. आधी एका कोपऱ्यात छोटंसं देऊळ झालं. देवाला नाही कोण म्हणणार? मग देवळापुढे सावलीला टिनाचं शेड आलं. मग शेडला भिंती आल्या, मग त्याचा हॉल झाला आणि हॉलमध्ये साखरपुडे होऊ लागले. आता भाऊ आणि त्याचे शेजारी संध्याकाळी रस्त्यावरून गोल गोल फिरतात, एका हातात कुत्र्यासाठी काठी घेऊन. मी एकदा भावाला विचारलं, “तुम्ही काहूनच बोलले नाही रे कोणी?” तो म्हणाला, “बोलणार कोणाले, ताई? सगळे आपलेच तर होते.”

आमच्या ले-आउटची कमिटी मात्र उत्साही निघाली, हे मान्य केलं पाहिजे. अध्यक्ष सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, धोतरात वाढलेले आणि आता ट्रॅकपँटमध्ये आलेले. त्यांनी गाजरगवत उपटवलं, ढीग हलवला आणि भर उन्हाळ्यात गट्टूचा ट्रॅक टाकून घेतला. गट्टू म्हणजे सिमेंटचे ते लाल-पिवळे ठोकळे, हल्ली जिकडेतिकडे अंथरतात ते. ट्रॅक सुरेख दिसायचा. फीत कापली, नारळ फुटला, पेढे वाटले. त्याच झपाट्यात कमिटीने धुऱ्याच्या पलीकडच्या टोकाला काटेरी तार ओढून घेतली. पलीकडे भाजीपाल्याची वावरं होती आणि तिकडच्या बायका धुऱ्यावरून येऊन आमच्या रस्त्याने बाजाराचा ऑटो पकडायच्या. ‘बाहेरचे लोक’ नकोत, असं ठरलं. आमची घरं उठायच्या कितीतरी आधीपासून त्या बायका तिथून चालत होत्या, आणि बाहेरच्या त्या.

नवरा मात्र खूश होता. सकाळी मी त्याचा डावा दंड धरायचे, उजव्या हातात काठी, आणि आम्ही त्या लाल-पिवळ्या ट्रॅकवर फेरी मारायचो. पुढे पुढे त्याने माझा हात सोडायला सुरुवात केली. मी एक पाऊल मागून चालायचे, झेलायच्या तयारीत. एकदा तो न थांबता पूर्ण फेरी चालला आणि बाकावर बसून म्हणाला, “बस, आता हा हात तेवढा आला पायजे.” त्या दिवशी मी घरी येऊन पुरणपोळी केली. सणवार काही नव्हता, तरी केली.

मग पाऊस लागला. आमच्या भागातली जमीन काळी, भारी. पाणी पिते, फुगते, आणि पाणी ओसरलं की आकसून तडकते. आधी एका बाजूचे गट्टू थोडे वर आले. मग ट्रॅकच्या मधोमध पोट आलं. दिवाळीपर्यंत सगळीकडे ठोकळ्यांचे कोपरे वर आलेले, जणू कोणी खालून दात काढतंय. अशाच एका कोपऱ्याला त्याचा डावा पाय अडकला आणि तो पडला. मी एकच पाऊल मागे होते, तरी झेलता आलं नाही.

हाड मोडलं नाही. गुडघा सोलला, हनुवटी फुटली. पण दुसऱ्या दिवशी तो उठला नाही, आणि तिसऱ्याही नाही. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचा. “चला ना,” म्हटलं की म्हणायचा, “आता नाही जात मी. पुरे झालं.” चिडून म्हणाला असता तर मी भांडले असते. तो अगदी शांतपणे म्हणायचा, आणि त्या शांतपणाची मला भीती वाटायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की जे परत यायचं ते आता येईल, बसून राहिला तर बसूनच राहील. मी त्याच्यावर ओरडले, देवावर ओरडले, गट्टूंवर तर रोजच ओरडायचे. स्वयंपाकघरात भांडी आपटायचे. तो खुर्चीतून विचारायचा, “काय पडलं?” आणि मी सांगायचे, “काही नाही.”

कमिटीची बैठक अध्यक्षांच्या पोर्चमध्ये झाली. विषय एकच, ट्रॅकचं काय करायचं. एकाने सुचवलं, उखडून वरून सिमेंट काँक्रीट टाकू. दुसऱ्याने सुचवलं की चालायचा नाद सोडा, गाड्यांसाठी शेड टाकू. आणि तिसऱ्याने तेच सुचवलं ज्याची मी वाट बघत होते: “एक छोटासा हॉल बांधून टाकू ना. बारसं, वाढदिवस, सगळ्यायच्या कामी येईन.” मला अकोल्याचा हॉल दिसला. त्यातले साखरपुडे दिसले. मी उभी राहिले. माझा आवाज शिकवणीचा आहे, शेवटच्या बाकापर्यंत जातो.

मी अध्यक्षांना विचारलं, “भाऊ, तुमच्या वडिलांचं वावर होतं ना?”

“होतं ना, वहिनी. एक नंबर जमीन. उन्हाळ्यात भेगेत अख्खी काठी जाये.”

“मग गट्टू टाकताना ती भेग आठवली नाही?”

अध्यक्षांनी खाली मान घातली. म्हणाले, “आठवली. पण मले वाटलं, ठेकेदाराले माहीत असन.”

“ठेकेदार कुठचा?”

“अठलाच. त्याचंही वावरच आहे.”

कोणीतरी मागून म्हणालं, “माहीत तर मलेही होतं.” मग शेजारचा म्हणाला, त्यालाही होतं. मग एकेक करत सगळ्यांनी कबूल केलं. काळ्या मातीवर बांधायचं तर खाली मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं, हे त्या पोर्चमधल्या एकूणएक माणसाने आपल्या बापाकडून ऐकलेलं होतं. सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कोणी बोललं नाही. आणि त्याहून खरी गोष्ट म्हणजे बोलायची लाज वाटली. आपण आता कॉलनीवाले झालो, गट्टूच्या गोष्टीत वावराची गोष्ट काय काढायची? अध्यक्ष स्वतःच आधी हसले, मग सगळे हसले. मीही हसले, मला हसायचं नव्हतं तरी.

हसू ओसरायच्या आत मी माझं घोडं पुढे दामटलं. माझा एक जुना विद्यार्थी आता ले-आउटचे नकाशे काढतो. त्याला मी घरी बोलावून, पोहे खाऊ घालून, सगळं विचारून घेतलं होतं. त्याने सांगितलं होतं की ओपन स्पेस ही राहणाऱ्या सगळ्यांची, तिथे हॉल-बिल मनाला येईल तसा ठोकता येत नाही. “आणि मॅडम,” तो म्हणाला होता, “जुनी वहिवाट असली तर ती अशी बंद करता येत नाही. नकाशात धुऱ्यावरून पायवाट दाखवलेली आहे. तार कोणी लावली?” मी म्हटलं होतं, “आमच्याच शहाण्यांनी.”

हे मी बैठकीत जसंच्या तसं सांगितलं, शहाण्यांचा भाग सोडून. म्हटलं, ट्रॅक मातीत गेला तर जाऊ द्या. धुऱ्यावर आयती वाट आहे, एका टोकापासून पार दुसऱ्या टोकापर्यंत. मुळांनी बांधलेली, पायांनी दाबलेली. पावसात फुगली नाही, उन्हात तडकली नाही. तार काढा, काटे तोडा आणि चाला.

“तार काढली तं उद्या कोणीही घुसन,” हॉलवाले म्हणाले. “ढोरं घुसतीन. पोट्टे गाड्या घालतीन.”

इथे माझ्या बाजूने बोलले ते आमचे समोरचे शेजारी. त्यांचा फॅब्रिकेशनचा धंदा, दारं-खिडक्या-ग्रील. तेही मूळचे अकोल्याचे, त्यामुळे मला माहेरचं माणूस मिळाल्यासारखं झालं होतं. त्यांच्या बेगम आणि मी लोणच्यांची देवाणघेवाण करतो. ते एरवी बैठकीत तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, “भाभी बराबर सांगून राहिल्या. गेट मी बनवतो. नागमोडी गेट. ढोर नाही येनार, फटफटी नाही येनार. मानूस येईन.”

अध्यक्षांनी विचारलं, “आणि कुलूप?”

“त्याले कुलूपच नसते,” ते म्हणाले.

तार निघाली. गेटसाठी शेजाऱ्यांनी पलीकडच्या वावरातल्या भाजीवाल्या बाईंना मुद्दाम बोलावून घेतलं, डोक्यावर भरलं टोपलं घेऊन. त्यांना दोन पाइपांच्या मधून चालायला लावलं, वळायला लावलं, परत चालायला लावलं. बाई हसत होत्या. “माह्या टोपल्याचं माप घेऊन राहिले का जी?” त्या म्हणाल्या. शेजारी म्हणाले, “तुमच्या टोपल्याचंच माप. तुमी अटकल्या तं गेट कोनाच्या कामाचं?” मग काठी घेऊन मी चालून दाखवलं, डावा पाय ओढत, नवऱ्यासारखा. ते बघून शेजाऱ्यांनी एक पाइप आणखी थोडा सरकवला. 

या वेळी फीत नाही कापली. कोणाला धीर झाला नसावा.

पण नवरा खुर्चीतून उठेना. मी रोज सकाळी एकटीच धुऱ्यावर जाऊ लागले, थोडी रागाने, थोडी त्याला लाज वाटावी म्हणून. परत आल्यावर त्याला ऐकू जाईल असं सांगायचे. आज बोरीला बोरं धरली. आज हिवरावर पाखरांनी नुसता गोंधळ घातला होता. आज अध्यक्ष ट्रॅकपँटच्या खिशात बोरं भरताना सापडले. तो “हं” म्हणायचा. त्याचं बालपण चांदूर बाजारजवळच्या खेड्यात गेलं, शाळेला धुऱ्या-धुऱ्यानेच जायचा. मला वाटलं होतं बोरांचं नाव काढलं की हा उठेल. बोरांनी काही झालं नाही.

मग एक दिवस भाकरी थापता थापता मी सहज बोलून गेले. म्हटलं, ती भाजीवाली बाई फार चांगली आहे हो. आता सगळा ले-आउट धुऱ्यावर फिरायला येतो, आणि समोरून कोणी आलं की ती बिचारी भरलं टोपलं घेऊन धुऱ्याखाली उतरते, सगळ्यांना जागा देते, मग पुन्हा चढते. आपले लोक फोनवर बोलत सरळ निघून जातात.

खुर्ची करकरली.

“कोन उतरते?” त्याने विचारलं.

“ती बाई.”

“टोपलं घेऊन?”

“हो.”

“आणि रिकाम्या हातानं चालणारे धुऱ्यावर राहतात?” त्याचा आवाज चढला. किती दिवसांनी चढला होता. “अरे, ओझंवाल्याले वाट द्यायची असते. ज्याचे हात रिकामे त्यानं खाली उतरायचं. एवढुसा होतो तेव्हा माह्या बापानं धुऱ्यावरून ढकलून शिकवलं मले. मानसं आहेत का कोन तुमची हे?” मग माझ्याकडे वळून, “तू उतरली का?”

मी म्हटलं, “मी उतरायच्या आतच ती उतरते.”

“हं,” तो म्हणाला. हे ‘हं’ वेगळं होतं. मी अकोल्याच्या गल्लीत वाढलेली, धुऱ्यावरचे कायदे मला कोण शिकवणार? पण वाद घातला नाही. त्याचा चढलेला आवाज मला इतका गोड लागला होता की भाकरी करपली तरी मी तव्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन परत आले तर व्हरांड्यातली खुर्ची रिकामी. काठी जागेवर नव्हती. मी घरभर हाका मारल्या, मग दुधाची पिशवी तशीच ओट्यावर टाकून धावले. धावताना पडलेला तोच दिसत होता, त्याच कोपऱ्यापाशी, हनुवटीतून रक्त. वाटेत समोरचे शेजारी स्कूटर काढत होते. माझा चेहरा पाहून म्हणाले, “घाबरू नका, भाभी. गेटमधून गेले. मी पाहून राहिलो.” मी तरीही धावलेच.

धुऱ्याच्या टोकाला पोचले तेव्हा तो बराच पुढे होता. एकटा. पाय ओढत, पण चालत. मी हाक मारणार होते, तेवढ्यात पलीकडून त्या बाई येताना दिसल्या. डोक्यावर टोपलं, वरून पालक बाहेर लोंबत होता. त्यांनी याला पाहिलं, काठी पाहिली आणि लांबूनच खाली उतरायला पाय उचलला.

याने काठी आडवी केली. “थांबा,” एवढंच मला ऐकू आलं.

बाई म्हणाल्या, “अजी राहू द्या, तुमाले बरं नाही.”

“ओझं कोनाच्या डोक्शावर आहे?” हा म्हणाला.

आणि तो उतरायला लागला. धुरा काही फार उंच नाही, गुडघाभर असेल. धडधाकट माणूस विचारही न करता उतरतो. याने आधी काठी खाली रोवली. मग उजवा पाय. मग डावा पाय, जो माझं ऐकत नव्हता, डॉक्टरांचं ऐकत नव्हता, तो हळूहळू त्याच्या मागे खाली गेला. नवऱ्याचा तोल जरा हलला. मी तोंडावर हात दाबून धरला. पळत जावंसं वाटत होतं आणि गेले नाही. का गेले नाही ते मलाही नीट सांगता येणार नाही. गेले असते तर त्याने मला आयुष्यभर क्षमा केली नसती, एवढं कळत होतं.

तो खाली उभा राहिला. बाई वरून पुढे गेल्या. मग थांबल्या, गुडघे वाकवून टोपलं धुऱ्यावर टेकवलं, आणि त्यातून काहीतरी काढून याच्यापुढे धरलं. “सकायीच तोडला,” त्या म्हणाल्या. तो काहीतरी बोलला, बहुतेक नको म्हणाला असेल. बाईंनी ऐकलं नाही. टोपलं पुन्हा डोक्यावर चढवून त्या माझ्या दिशेने आल्या. मी आडवी उभी होते ती खाली उतरले, चपला मातीत रुतल्या तरी उतरले. जवळून जाताना त्या म्हणाल्या, “बाई, तुमचा मानूस लय जिद्दी आहे.”

“फार,” मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

तो पुन्हा वर चढला. कसा चढला ते मी पाहिलं नाही, डोळे पुसत होते. पाहिलं तेव्हा तो वर होता आणि माझ्याकडे चालत येत होता. जवळ आल्यावर म्हणाला, “एवढी धापा टाकून काहून राहिली?” मी पुन्हा वर चढून चपलांची माती झटकली. तो म्हणाला, “उद्यापासून सगळ्यायले सांग. अध्यक्षालेही. ओझंवालं मानूस आलं की उतरायचं.” मी हो म्हटलं. त्याने हात पुढे केला. “घे,” म्हणाला, “सांबार.”

कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. जुडी चांगली हातभर होती, मुळांना काळी माती चिकटलेली. उजव्या हातात त्याची काठी होती.

मी जुडीला हात लावला, पण त्याला ती लगेच सोडता येईना. डाव्या हाताची बोटं देठांवर घट्ट मिटली होती आणि उघडायला वेळ लागत होता. त्याने एकदा बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मीही ओढलं नाही. आम्ही दोघं ती जुडी धरून धुऱ्यावर उभे राहिलो, आणि एकेक बोट सुटायची वाट पाहिली.